वर्गणीदार मिळवावा कसा? मराठी नियतकालिकांची पहिली शंभर वर्षे

१/२८
१८३१ साल सरत आले असताना मुंबईत एक उद्देशपत्रक प्रसिद्ध झाले. लवकरच एक वृत्तपत्र निघणार आहे, त्यात अमुक अमुक मजकूर असेल, तरी लोकांनी त्यास आश्रय द्यावा, असा त्याचा आशय होता. ज्या पत्रापासून मराठी वृत्तपत्रसृष्टीचा आरंभ मानला जातो ते 'दर्पण' अजून छापलेही गेले नव्हते. त्याचे संपादक बाळशास्त्री जांभेकर तेव्हा विशीच्या उंबरठ्यावर होते. जी वस्तू बहुतेकांनी कधी पाहिली नाही, तिच्यासाठी नाव नोंदवा, असे हा तरुण लोकांना सांगत होता.

२/२८
आज ईमेलने वार्तापत्र पाठवणाऱ्यापुढे हाच पेच असतो. वाचक येतो, चार ओळी वाचतो आणि आपला पत्ता न देता निघून जातो. पत्ता देण्यास त्याला राजी कसे करावे? हा प्रश्न नवा वाटतो, पण मराठी संपादकांनी तो १८३२ पासून सोडवायला घेतला होता. त्यांना तर पत्त्याबरोबर पैसेही मागायचे होते. या धाग्यात त्या शंभर वर्षांतील उपाय पाहू. त्यांतले काही साधले, काही फसले. काही ठिकाणी मात्र उपायाचा दोष नव्हता, वाचकापर्यंत जाण्याची वाटच बंद होती.

३/२८
आधी शब्द पाहू. इंग्रजीतल्या 'सबस्क्राइब' या क्रियापदाचा मूळ अर्थ 'खाली सही करणे'. कागदावर मजकूर असतो आणि त्याखाली आपण नाव घालून बांधील होतो. मराठीने त्यासाठी 'वर्गणी' हा शब्द घेतला. गावच्या उत्सवासाठी घरोघर काढतात तीच ही वर्गणी. तीत वस्तूची किंमत मोजल्याचा भाव नाही, सर्वांच्या कार्यातला आपला वाटा उचलल्याचा भाव आहे. मराठी संपादक आणि वाचक यांचे नाते बराच काळ या दोन अर्थांमध्ये हेलकावे खात राहिले.

४/२८
'दर्पण'चा पहिला अंक ६ जानेवारी १८३२ रोजी निघाला. याच तारखेला महाराष्ट्रात पत्रकार दिन पाळला जातो. पत्र आरंभी पाक्षिक होते, काही महिन्यांतच साप्ताहिक झाले. त्याची रचना लक्षात घेण्याजोगी आहे. पानावर दोन स्तंभ होते, एकात इंग्रजी आणि दुसऱ्यात मराठी. एतद्देशीयांना पाश्चात्त्य विद्येचा परिचय व्हावा आणि इंग्रजांना येथील लोकांचे विचार कळावेत, असा दुहेरी हेतू होता. म्हणजे संपादकाने पहिल्या दिवसापासून दोन निरनिराळे वाचक डोळ्यांपुढे ठेवले होते.

५/२८
या रचनेत एक व्यावहारिक शहाणपणही होते. मराठी वाचणाऱ्यांत वृत्तपत्राची सवय नव्हती. इंग्रजी वाचणाऱ्यांत ती होती आणि त्यांच्या हाती पैसाही होता. इंग्रजी शिकू पाहणाऱ्या तरुणाला तर शेजारशेजारचे दोन स्तंभ पाठ्यपुस्तकासारखे उपयोगी पडावेत. तरीही 'दर्पण'चा वाचकवर्ग लहानच राहिला. पत्र साडेआठ वर्षे चालले आणि १८४० मध्ये बंद पडले. त्याच वर्षी बाळशास्त्रींनी 'दिग्दर्शन' हे मासिक काढले. बातमीपेक्षा ज्ञान देणारे नियतकालिक अधिक टिकेल, असा त्यामागे विचार असावा.

६/२८
'दर्पण'च्या कामात सहभागी असलेले गोविंद विठ्ठल कुंटे, म्हणजेच भाऊ महाजन, यांनी २४ ऑक्टोबर १८४१ रोजी 'प्रभाकर' हे साप्ताहिक सुरू केले. ते पूर्ण मराठी होते. इंग्रजी स्तंभाचा आधार त्यांनी सोडला. त्यांचा भरवसा फक्त मराठी वाचकावर होता आणि तो वाचक विखुरलेला होता. काही मुंबईत, काही पुण्यात, काही जिल्ह्याच्या गावी कचेरीत नोकरीला. त्याच्यापर्यंत अंक पोहोचवणे हेच मोठे काम होते.

७/२८
त्या काळचे टपाल कसे होते? १८५४ पूर्वी पत्राचा दर वजनाबरोबर अंतरावरही ठरत असे. गाव जितके दूर, तितका खर्च जास्त. १८५४ च्या टपाल कायद्याने आणि त्याच वर्षी आलेल्या तिकिटांनी हे चित्र बदलले. पाव तोळ्यापर्यंतचे पत्र अर्ध्या आण्यात हिंदुस्थानात कोठेही जाऊ लागले. वृत्तपत्रांसाठी वेगळा दर होता. मुंबईजवळचा वाचक आणि वऱ्हाडातला वाचक यांच्यातले पैशाचे अंतर पुष्कळ कमी झाले. मराठी नियतकालिकांच्या वाढीत संपादकांच्या लेखणीइतकाच या कायद्याचा वाटा आहे.

८/२८
पत्र पोहोचले, पण पैसे परत यायचे कसे? मनिऑर्डर अजून नव्हती. मुंबई-पुण्याकडे जाणाऱ्या ओळखीच्या माणसाबरोबर रक्कम पाठवावी, हुंडी करावी, किंवा थोडी रक्कम असल्यास टपालतिकिटेच पाकिटात घालावीत. यांतले काही करायचे तर खटपट होती आणि खटपट लांबणीवर पडते. म्हणून वर्गणीचे दोन दर ठेवण्याची रीत पडली. आगाऊ भरणाऱ्यास कमी आणि मागाहून देणाऱ्यास जास्त. सवलतीने माणूस वेळेवर पैसे देईल, ही त्यामागची अपेक्षा.

९/२८
ती अपेक्षा पुरी झाली नाही. जुन्या नियतकालिकांच्या फायली चाळल्या तर 'वर्गणीदारांस विनंती' हे सदर पुन्हा पुन्हा भेटते. आधी नम्र स्मरण, मग आर्जव, मग थोडा उपरोध, शेवटी थकबाकीदारांची नावे छापण्याचा धाक. नाव नोंदवणारे पुष्कळ होते, पैसे देणारे थोडे. यादी मोठी दिसे, पण छापखान्याचे बिल त्या यादीने भागत नसे. आणि रागावून लिहिलेल्या विनंतीचा उपयोगही फारसा होत नसे, कारण ती वाचणारे बहुधा वर्गणी भरलेलेच असत.

१०/२८
दुसरी अडचण वेगळ्या जातीची होती. एक अंक एका घरात येई आणि दहा घरांत फिरे. वाड्याच्या ओसरीवर, देवळाच्या पारावर, तालुक्याच्या वाचनालयात एकजण मोठ्याने वाची आणि बाकीचे ऐकत. संपादकाला याचा अभिमान वाटे आणि काळजीही वाटे. पत्राचा प्रभाव वर्गणीदारांच्या संख्येच्या कितीतरी पट होता, पण कागद आणि शाई यांचा खर्च मात्र त्या मूठभर वर्गणीदारांवरच पडे.

११/२८
तरी वाचक टिकवण्याचा एक मार्ग याच काळात सापडला. १८४८ पासून 'प्रभाकर'मध्ये 'लोकहितवादी' या नावाने पत्रे येऊ लागली. लेखक होते गोपाळ हरी देशमुख. पुढे 'शतपत्रे' म्हणून ती प्रसिद्ध झाली. छोटी, थेट, समाजाच्या वर्मावर बोट ठेवणारी. वाचक चिडे, पण पुढचे पत्र चुकवत नसे. अंकात काय असेल हे ठाऊक नसते तेव्हा वाचक तो घेईल वा न घेईल. अमुक एक लेखणी पुन्हा भेटणार हे ठाऊक असले की तो वाट पाहतो.

१२/२८
ही गोष्ट टोकाला नेली विष्णुशास्त्री चिपळूणकर यांनी. जानेवारी १८७४ मध्ये त्यांनी 'निबंधमाला' हे मासिक सुरू केले. ते बातम्या देत नव्हते. त्यात लेखकांची गर्दी नव्हती. जवळजवळ सगळा मजकूर एकाच माणसाचा. तेव्हा ते सरकारी शाळेत शिक्षक होते. सात वर्षांचे ८४ अंक झाले. वर्गणीदार येथे एका माणसाच्या विचारपद्धतीसाठी आणि भाषेसाठी पैसे देत होता. आजच्या एकहाती वार्तापत्राचा मराठीतला पूर्वज शोधायचा तर तो येथे आहे.

१३/२८
'निबंधमाले'ने तयार केलेला वाचक पुढच्या उद्योगाला कामी आला. १८८० च्या उत्तरार्धात 'केसरी'चे उद्देशपत्रक निघाले. त्यावर चिपळूणकर, टिळक, आगरकर, वामन शिवराम आपटे, माधवराव नामजोशी आणि डॉ. गणेश कृष्ण गर्दे अशी सहा नावे होती. रस्त्यावरचे दिवे आणि रात्रीची गस्त यांनी जे काम होते तेच वृत्तपत्रांच्या जागत्या लेखणीने होते, अशी उपमा त्यात होती. ४ जानेवारी १८८१ रोजी पहिला अंक आला. उद्देशपत्रकात आपण पत्रात काय छापू हे होतेच, पण त्या पत्रामुळे वाचकाच्या आयुष्यात काय फरक पडेल हेही होते.

१४/२८
पुढच्याच वर्षी त्या शब्दांची परीक्षा झाली. कोल्हापूरचे दिवाण माधवराव बर्वे यांच्यावरील लिखाणाबद्दल अब्रुनुकसानीचा खटला झाला. ज्या पत्रांच्या आधारे लिहिले ती बनावट ठरली. १८८२ मध्ये टिळक आणि आगरकर यांना चार महिन्यांची शिक्षा झाली आणि ते १०१ दिवस मुंबईच्या डोंगरीच्या तुरुंगात राहिले. चूक झाली होती, तरी लोकांचा लोभ घटला नाही, वाढला. सुटकेनंतर त्यांचे जोरदार स्वागत झाले. संपादक स्वतः झळ सोसतो हे वाचकाने पाहिले आणि तो पत्राशी बांधला गेला. असा विश्वास जाहिरातीने मिळत नाही.

१५/२८
याच सुमारास टपालखात्याने तीन साधने हाती दिली. १८७७ मध्ये व्ही.पी., १८७९ मध्ये पाव आण्याचे पोस्टकार्ड, १८८० मध्ये मनिऑर्डर. नियतकालिकांच्या दृष्टीने ही क्रांतीच म्हणावी लागेल. पूर्वी वर्गणीदार होणे म्हणजे माणूस शोधा, रक्कम पोहोचवा, पोच मिळवा. आता पाव आण्याच्या कार्डावर नाव, गाव, तालुका, जिल्हा लिहिला की काम सुरू. नियतकालिकाच्या पत्त्यावर गेलेले ते कार्ड म्हणजे त्या काळचा नावनोंदणीचा अर्जच होता.

१६/२८
व्ही.पी.ची रीत अशी. प्रकाशकाने अंक पाठवावा, पोस्टमनने तो दारात नेऊन पैसे घ्यावेत, आणि ती रक्कम टपालाने प्रकाशकाकडे यावी. वाचकाला आधी विश्वास टाकावा लागत नाही. अंक आणि पैसे एकाच वेळी हात बदलतात. पण धोका प्रकाशकाकडे सरकला. घरधनी गावाला गेला, मन बदलले, पैसे नव्हते, कोणत्याही कारणाने अंक नाकारला की टपालखर्च प्रकाशकाच्या माथी. 'व्ही.पी. परत आली' या तीन शब्दांत पुढच्या कित्येक संपादकांचे दुःख साठले आहे. नाव नोंदवणे सोपे केले की अर्धवट मनाची नावेही वाढतात.

१७/२८
मग वाचक टिकवायचा कसा? १८९० मध्ये हरि नारायण आपटे यांनी 'करमणूक' हे साप्ताहिक काढले आणि त्यात 'पण लक्षात कोण घेतो?' ही कादंबरी क्रमशः छापली. यमू नावाच्या मुलीच्या तोंडून सांगितलेली ती कहाणी, बालपणापासून वैधव्यापर्यंत. आठवड्याला थोडी थोडी. तिचे पुढे काय होते हे कळण्यासाठी पुढचा अंक हवाच. समाजसुधारणेवरचा निबंध ज्या घरात कोणी वाचला नसता, तेथे हा विषय यमूच्या हाताने आत गेला. 'करमणूक' १९१७ पर्यंत चालले.

१८/२८
आता कठीण प्रश्न. वर्गणीदाराला रुचेल तेच लिहावे काय? आगरकर १८८७ मध्ये 'केसरी'तून बाहेर पडले आणि १५ ऑक्टोबर १८८८ रोजी त्यांनी 'सुधारक' काढला. इंग्रजी बाजू गोपाळ कृष्ण गोखले यांच्याकडे होती. बालविवाह, विधवांचे केशवपन, जातिभेद यांवर आगरकर जे लिहीत ते त्यांच्याच संभाव्य वाचकांना झोंबणारे होते. पुण्यात त्यांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढली गेली. वर्गणीदारांची यादी वाढवण्याचा सोपा रस्ता त्यांना दिसत नव्हता असे नाही. त्या रस्त्याने जायचे नाही, असे त्यांनी ठरवले होते.

१९/२८
आगरकरांना निदान वाचू शकणारा विरोधक होता. कृष्णराव भालेकर यांना तोही नव्हता. १ जानेवारी १८७७ रोजी त्यांनी पुण्यात 'दीनबंधु' सुरू केले. सत्यशोधक चळवळीचे हे पहिले वृत्तपत्र. ते ज्यांच्यासाठी होते तो शेतकरी आणि कामकरी वर्ग बहुतांशी निरक्षर होता. ज्याला वाचता येई त्याच्याकडे वर्गणीपुरते पैसे नसत, आणि ज्याच्याकडे पैसे असत त्याला हे पत्र नको असे. पत्र आर्थिक ओढाताणीत सापडले. १८८० मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांनी ते मुंबईला नेले. गिरणी कामगारांच्या त्या शहरात त्याला पुन्हा उभे राहता आले.

२०/२८
एक आकडा येथे ध्यानात ठेवावा. १९०१ च्या जनगणनेत हिंदुस्थानातील साक्षरतेचे प्रमाण सव्वापाच टक्क्यांच्या आसपास होते. पुरुषांत दहा टक्क्यांच्या आत, स्त्रियांत एक टक्काही नाही. आणि हे थोडके साक्षर सर्व जातींत सारखे वाटलेले नव्हते. त्यामुळे 'आमच्या पत्राला इतके वर्गणीदार' हा आकडा लोकमताचे माप म्हणून वापरला जाई, तेव्हा तो मुळातच एका लहान कोपऱ्याचे माप असे. ज्यांची नावे यादीत येऊच शकत नव्हती, त्यांचे मत मोजलेच जात नव्हते.

२१/२८
३१ जानेवारी १९२० रोजी डॉ. आंबेडकरांनी 'मूकनायक' हे पाक्षिक सुरू केले. नावातच प्रश्न होता, ज्यांना वाचा नाही त्यांच्या वतीने बोलणार कोण. ते तेव्हा सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापक असल्याने संपादक म्हणून पांडुरंग नंदराम भटकर यांचे नाव होते. नव्या पत्राची वार्ता लोकांना कळावी म्हणून 'केसरी'कडे जाहिरात देऊ केली, पैसे भरण्याची तयारी दाखवली, तरी ती छापली गेली नाही. हे आंबेडकरांनीच पुढे लिहून ठेवले आहे. जेथे वाचक होते ते दार उघडले नाही.

२२/२८
या पत्रासाठी शाहू महाराजांनी २,५०० रुपयांचे साहाय्य दिले. वार्षिक वर्गणी अडीच रुपये होती. आज ही रक्कम किरकोळ वाटते, पण तो वर्गणीदार कोण होता हे पाहावे. सैन्यातून निवृत्त झालेला शिपाई, गिरणीतला जॉबर, रेल्वेतला मजूर, शाळेचे चार इयत्ते शिकलेला तरुण. जुलै १९२० मध्ये आंबेडकर शिक्षण पूर्ण करण्यासाठी लंडनला गेले. मागे ज्ञानदेव ध्रुवनाथ घोलप यांनी पत्र चालवले. १९२३ मध्ये ते बंद पडले.

२३/२८
महाडच्या सत्याग्रहानंतर लगेच, ३ एप्रिल १९२७ रोजी, आंबेडकरांनी 'बहिष्कृत भारत' काढले. यावेळी संपादक ते स्वतः. अंकातील बहुतेक स्तंभ त्यांना एकट्याला भरावे लागत. पैशाचा प्रश्न पुन्हा उभा राहिला तेव्हा त्यांनी वाचकांना प्रश्न केला की 'बहिष्कृत भारता'चे ऋण हे लौकिक ऋण नव्हे काय? म्हणजे हे कर्ज एकट्या संपादकाचे की समाजाचे? 'वर्गणी' या शब्दाचा जुना अर्थ त्या प्रश्नात पुन्हा जागा झालेला दिसतो. नोव्हेंबर १९२९ मध्ये ते पत्र थांबले. पुढच्याच वर्षी 'जनता' निघाले.

२४/२८
दुसऱ्या टोकाला, मुंबईत काशिनाथ रघुनाथ मित्र होते. मूळ आडनाव आजगावकर, पण बंगालीच्या प्रेमाने 'मित्र' झालेले. १८९५ मध्ये त्यांनी 'मनोरंजन' काढले. १९०९ मध्ये त्यांनी इंग्रजी नियतकालिकांच्या नाताळ अंकांच्या धर्तीवर दिवाळी अंक काढला. मराठीतली दिवाळी अंकांची परंपरा येथून सुरू झाली असे मानतात. सणाला घरात काहीतरी नवे यायचेच, कपडे, भांडी, फराळ. त्यात छापील अंकाची भर पडली. वर्षभर न वाचणारा माणूसही दिवाळीत वाचू लागला. वाचकाच्या आयुष्यातला योग्य दिवस निवडणे, हे मित्रांचे देणे.

२५/२८
सर्वांत धाडसी मागणी मात्र श्रीधर व्यंकटेश केतकर यांची. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठातून डॉक्टरेट घेऊन परतलेल्या केतकरांनी मराठीत ज्ञानकोश करायचे ठरवले. सरकार नाही, संस्थानिकाचा एकहाती आश्रय नाही. नागपूरला मंडळी स्थापन करून भाग विकायचे, गावोगाव फिरून वर्गणीदार जमवायचे. पुढे तयार होणाऱ्या खंडांसाठी लोकांनी आज नाव द्यायचे. 'महाराष्ट्रीय ज्ञानकोशा'चे २३ खंड १९२० च्या दशकात पूर्ण झाले. वकील, शिक्षक, सावकार, शाळा, वाचनालये यांच्या भरवशावर एका भाषेचा ज्ञानकोश उभा राहिला.

२६/२८
आणि वार्तापत्राच्या आजच्या अर्थाशी सर्वांत जवळचे उदाहरण एका कारखान्यातले. औंध संस्थानातील माळरानावर १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसली. लोखंडी नांगर हे तेथले गाजलेले उत्पादन. १९२० मध्ये शंकरराव किर्लोस्कर यांनी 'किर्लोस्कर खबर' काढले. कारखान्याचे ग्राहक, विक्रेते आणि हितचिंतक यांच्याशी संबंध ठेवावा, इतकाच मूळ हेतू. पण शंकररावांनी नांगराची स्तुती करण्यापेक्षा वाचकाला उपयोगी पडेल असे छापले. उद्योग, स्वावलंबन, आरोग्य, विज्ञान. हळूहळू 'खबर' शब्द गळाला आणि 'किर्लोस्कर' हे सर्वसामान्य मासिक झाले. १९३० मध्ये त्याच वाडीतून 'स्त्री' निघाले. पुरुषाच्या नावे येणाऱ्या अंकातले एक पान नव्हे, तर तिच्यासाठीच काढलेला सबंध अंक. घरात वाचणारी पुष्कळ होती, तिला उद्देशून बोलणारे थोडे होते.

२७/२८
शंभर वर्षांचा हिशेब मांडला तर काही गोष्टी पुन्हा पुन्हा दिसतात. काय मिळणार हे आधी स्वच्छ सांगितले की नाव येते, हे 'दर्पण' आणि 'केसरी'च्या उद्देशपत्रकांनी दाखवले. नाव देण्याची खटपट कमी झाली की नावे वाढतात, हे पोस्टकार्डाने दाखवले. पण सहज आलेले नाव सहज जातेही, हे परत आलेल्या व्ही.पी.ने शिकवले. टिकतो तो ओळखीच्या लेखणीसाठी, अपुऱ्या राहिलेल्या कहाणीसाठी, किंवा आपल्याला उद्देशून कोणी बोलत आहे म्हणून. रागावून केलेल्या विनंत्यांनी मात्र कोणाचीच यादी वाढलेली दिसत नाही.

२८/२८
आणखी एक गोष्ट उरते. वर्गणीदारांची संख्या हे पत्राच्या योग्यतेचे माप मानले असते, तर 'दर्पण', 'दीनबंधु' आणि 'मूकनायक' ही तिन्ही पत्रे अपयशी ठरली असती. तिन्ही अल्पायुषी किंवा कर्जबाजारी, आणि आज मराठी पत्रसृष्टीचा इतिहास त्यांच्यावाचून सांगता येत नाही. म्हणून यादी वाढवावी, जरूर वाढवावी, छापखान्याचे बिल तिनेच भागते. पण त्या यादीत कोणाचे नाव नाही, आणि ते का नाही, हे विचारणारा संपादक प्रत्येक काळात हवा असतो. तुमच्या घरी जुन्या अंकांवर चिकटवलेल्या पत्त्याच्या पट्ट्या किंवा वर्गणीच्या पावत्या जपलेल्या असतील तर त्यांची छायाचित्रे खाली अवश्य द्या. त्या पट्ट्यांवरच्या नावांनीच हा सारा इतिहास जगवला.